जुन्या कौलारू घराचं छप्पर संगणकात जसंच्या तसं कसं उभं करायचं

सॉफ्टवेअरमध्ये नवं छप्पर काढणं दोन मिनिटांचं काम आहे. भिंती निवडायच्या, 30 अंश उतार द्यायचा, की झालं. जुन्या घराचं छप्पर याच वाटेने काढलं तर पडद्यावर सुबक दिसतं आणि जागेवर कुठेच जुळत नाही. याचं कारण ते बांधलं कसं गेलं त्यात आहे. सुताराने आधी आढं, म्हणजे माथ्यावरचं आडवं लाकूड, कुठे आणि किती उंच बसवायचं ते ठरवलं, भिंती जिथे होत्या तिथे वासे टेकवले, आणि मग जो उतार आला तो आला. पुढच्या आणि मागच्या पाख्याचा (छपराच्या उतरत्या बाजूचा) उतार एकच असावा असा त्याचा आग्रह नव्हता. पाणी वाहून गेलं की काम झालं.

म्हणून जुन्या छपरासाठी क्रम उलटा धरायचा. आधी उंच्या मोजायच्या आणि उतार त्यांतून काढायचा. उतारमापकाचा आकडा थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा नाही. भिंतीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर सव्वातीन मीटर असेल, तर एका अंशाच्या चुकीने आढं जवळपास 8 सेंमी वर-खाली होतं. वाकलेल्या वाशावर ठेवलेला उतारमापक एका अंशाने सहज चुकतो.

उदाहरणासाठी कोकणातलं एकमजली घर घेऊ. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. एका टोकाला तिकोनी भिंत, दुसऱ्या टोकाला छप्पर तिसऱ्या पाख्याने खाली उतरलेलं, म्हणजे अर्धं दुपाखी, अर्धं चौपाखी. बाहेरून बाहेर लांबी 11.40 मी., रुंदी 6.60 मी. सॉफ्टवेअर रेव्हिट धरलं आहे. स्केचअपमध्ये जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

जागेवर काय मोजायचं

लेझर मीटर, 5 मीटरची टेप, ओळंबा, सुतळी आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी एवढं पुरतं. शिडी लागेलच, पण कौलांवर चढू नका. जुनी मंगलोरी कौलं पायाखाली तडकतात आणि त्याचा पत्ता पहिल्या पावसात लागतो. अशा घरात सहसा छत नसतं, वासे आणि रिपा (वाशांवरच्या, कौलं धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) आतून उघड्या दिसतात, म्हणून जवळजवळ सगळी मापं आतूनच मिळतात. माळा असेल तर माळ्यावरून घ्या. आतून एखादं कौल वर सरकवलं की रिपेची जाडी, कौलाची चढण आणि वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, तिथूनच पाहता येते. शाकारणीच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यात, कौलं उतरलेली असताना मोजायला मिळालं तर ती संधी सोडू नका. वाशांची कुजलेली टोकंही तेव्हाच दिसतात.

पहिलं काम लेव्हलची रेघ. ओटीच्या फरशीवरचा एक पक्का बिंदू 0.00 धरा आणि पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर 1.00 मीटरची खूण फिरवा. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या जमिनी एका पातळीत नसतात. जो जमिनीपासून उंची मोजतो त्याचं छप्पर प्रत्येक खोलीत वेगळं येतं. यापुढची प्रत्येक उंची या रेघेपासून मोजायची.

मग घराचा आराखडा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण न मोजता काटकोन गृहीत धरणं ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक आहे. आपल्या घरात कर्ण 13.11 आणि 13.23 मी. आले असं समजा. फरक 12 सेंमीचा, म्हणजे एक बाजू साडेसहा मीटरमध्ये साधारण 7 सेंमी सरकलेली आहे. भिंती काटकोनात काढल्या तर हे 7 सेंमी शेवटी छपराच्या एका कोपऱ्यात बाहेर येतात आणि दोष छपराला लागतो.

छपराच्या उंच्या घेताना एकच पातळी ठरवा आणि सगळीकडे तीच धरा. आम्ही वाशाचा वरचा काठ धरतो, कारण त्याच्यावर रीप आणि कौल, त्याच्याखाली लाकडी सांगाडा, अशी स्वच्छ फोड होते. एका पाख्यावर कौलाचा माथा, दुसऱ्यावर वाशाचा तळ आणि आढ्याला आढ्याचा तळ, असं मिसळलं की आठ-दहा सेंमी कुठून आले ते शोधत बसावं लागतं.

वरचा काठ आतून हाताला लागत नाही, म्हणून तळाची उंची मोजून वाशाची जाडी मिळवायची. इथे एक बारीक गोष्ट सुटते. वाशाची जाडी आपण त्याला काटकोनात मोजतो, पण उंचीत मिळवायची ती उभी जाडी. 10 सेंमी खोलीचा वासा 32 अंशांच्या आसपास उतरत असेल तर उभी जाडी 10 भागिले कोसाइन, म्हणजे 11.8 सेंमी होते. दोन सेंमीला थोडं कमी, पण हीच चूक रिपेला आणि कौलाला पुन्हा होते आणि साठत जाते.

आढ्याचा बिंदू म्हणजे आढ्याच्या लाकडाचा माथा नव्हे. पुढच्या आणि मागच्या वाशांचे वरचे काठ सरळ वाढवले तर जिथे मिळतात, तो खरा बिंदू. वासे आढ्यावर एकमेकांना चुकवून बसवलेले असतात, तेव्हा हे दोन्ही बरेच वेगळे असू शकतात. खात्री हवी असेल तर प्रत्येक पाख्यावर दोन ठिकाणी उंची घ्या, एक भिंतीपाशी आणि एक आढ्याच्या अलीकडे मीटरभर, आणि रेषा कागदावर वाढवा. आढ्याची जागा ओळंब्याने जमिनीवर उतरवून दोन्ही भिंतींपासूनचं आडवं अंतर मोजा. ते मधोमध असेलच असं धरू नका.

आकड्यांतून उतार

मोजणीतून हे हाती आलं, असं समजा. सगळ्या उंच्या वाशाच्या वरच्या काठाच्या, भिंतीच्या बाहेरच्या तोंडावर:

- पुढची भिंत: उंची 2.95 मी., आढ्यापर्यंत आडवं 3.28 मी.
- मागची भिंत: उंची 2.87 मी., आडवं 3.32 मी.
- उतरत्या टोकाची भिंत: उंची 2.92 मी., आढ्याच्या टोकापर्यंत आडवं 2.60 मी.
- आढं: 4.98 मी.

पुढचं पाखं 2.03 मी. चढतं. 2.03 भागिले 3.28 म्हणजे 0.619, कोन 31.75 अंश. मागचं 2.11 भागिले 3.32, म्हणजे 32.44 अंश. टोकाचं पाखं 2.06 भागिले 2.60, म्हणजे 38.39 अंश. एका घरात तीन उतार. सरसकट 30 अंश दिले असते तर पुढच्या बाजूने मोजलं तरी आढं 13-14 सेंमी खाली बसलं असतं. टोकाच्या पाख्याला पुढच्या पाख्याचाच उतार दिला असता, तर आढ्याचं टोक भिंतीपासून 2.60 ऐवजी 3.33 मी. वर पडलं असतं, म्हणजे आढं पाऊण मीटरने आखूड. कोनवासा, म्हणजे दोन पाखी मिळतात तिथला तिरका वासा, कोपऱ्यातून 45 अंशांत निघतो हे गृहीतही तिथेच मोडतं.

आता वळचण. उतार वेगळे असताना तिन्ही बाजूंना छप्पर सारखंच बाहेर काढलं, तर वळचणीच्या रेषा वेगवेगळ्या उंचीवर येतात. 75 सेंमी बाहेर काढल्यावर पुढचं पाखं 46 सेंमी उतरतं आणि टोकाचं 59. कोपऱ्यावर रीप जुळणार नाही. सुताराने हे जागेवर सोडवलेलं असतं. तो वळचण एका पातळीत ठेवतो आणि बाहेर निघालेलं अंतर कमी-जास्त करतो. पुढे 75 सेंमी असेल तर वळचणीची उंची 2.486 मी. येते, त्याच पातळीला येण्यासाठी मागे 60 आणि टोकाला 55 सेंमी पुरतात. जागेवर टेप लावल्यावर हेच आकडे जवळपास मिळाले, तर उतारही बरोबर आहेत असं समजा. नाही मिळाले तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी परत शिडी लावा.

रेव्हिटमध्ये

आधी फेज, म्हणजे बांधकामाचा टप्पा. जे काही काढाल ते 'एक्झिस्टिंग' फेजमध्ये असू द्या. नंतर दुरुस्तीत काय काढायचं आणि काय नवीन हे वेगळं दाखवताना हाच एक निर्णय दिवसभराचं काम वाचवतो.

छपराचा टाइप बनवताना त्यात वासा धरू नका. फक्त रीप आणि कौल. म्हणजे छपराचा तळ आणि वाशाचा वरचा काठ एकच होतो आणि मोजलेल्या उंच्या आकडेमोड न करता वापरता येतात. वासे नंतर वेगळे घालायचे. रीप आणि कौल मिळून जाडी किती ते कौल सरकवून मोजलेलंच वापरा.

'रूफ बाय फूटप्रिंट' घ्या, पण 'पिक वॉल्स' टाळा. त्यात उंची भिंतीच्या आतल्या तोंडाला धरायची की बाहेरच्या, हे 'रॅफ्टर' आणि 'ट्रस' या पर्यायावर ठरतं, आणि जाड चिऱ्याच्या भिंतीत हा फरक वीस सेंमीच्या वर जातो. त्याऐवजी वळचणीच्या रेषा स्वतः काढा. भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून पुढे 0.75, मागे 0.604, उतरत्या टोकाला 0.548 आणि तिकोनी भिंतीकडे 0.45 मी. 'बेस ऑफसेट' 2.486 मी. पुढची, मागची आणि उतरत्या टोकाची, एवढ्याच रेषांना 'डिफाइन्स स्लोप' द्या आणि प्रत्येकीला आपापला कोन दोन दशांशांसह टाका. तिकोनी बाजूची रेषा उताराशिवाय. स्केच पूर्ण केलं की छेदात आढ्यापाशी छपराच्या तळाची उंची बघा. ती 4.98 यायला हवी. चार-पाच मिलीमीटरचा फरक गोलाकरणाचा असतो. त्याहून जास्त असेल तर कुठलातरी आकडा चुकला आहे.

वळचणी मुळातच वेगळ्या उंचीवर असतील तर प्रत्येक रेषेचा 'ऑफसेट फ्रॉम रूफ बेस' वेगळा द्या. 'अलाइन ईव्ह्ज' हे साधन मोहात पाडतं, पण ते सरळ केलेलं नवं छप्पर देतं. मोजलेल्या घरावर ते वापरायचं नाही.

'रॅफ्टर कट' जागेवरचं टोक बघून निवडा. बहुतेक जुन्या घरांत वाशाचं टोक ओळंब्यात कापलेलं नसतं, वाशाला काटकोनात कापलेलं असतं, आणि त्यामुळे पागोळ्या कुठे पडतात ते काही सेंमीने बदलतं. जोत्याभोवतीचं गटार काढायचं असेल तर हे महत्त्वाचं आहे.

भिंती 'अटॅच टॉप'ने छपराला जोडताना सावध राहा. भिंत थेट रिपेच्या तळापर्यंत चढते आणि वासे तिच्यात बुडतात. खऱ्या घरात भिंत वाशाखालच्या आडव्या लाकडाशी थांबते आणि वाशांमधल्या फटीतून हवा खेळते. लांब भिंती मोजलेल्या उंचीवरच ठेवा. जोडायची ती फक्त तिकोनी भिंत, आणि तीही खरोखर वरपर्यंत बांधलेली असेल तर.

पिळलेलं पाखं

आतापर्यंतचं सगळं पाखं सपाट आहे असं धरून चाललं. जुन्या घरात ते अनेकदा पिळलेलं असतं, आणि इथेच रेव्हिटचं छप्पर हट्टीपणा करतं. समजा पुढची आणि मागची भिंत समांतर नाहीत. एका टोकाला अंतर 6.60, दुसऱ्या टोकाला 6.72 मी. सॉफ्टवेअर दोन सपाट प्रतलं एकमेकांना भिडवतं, म्हणून रुंद टोकाला आढं जवळपास 4 सेंमी वर चढतं. सुताराने मात्र आढं पातळीत ठेवलं आणि वाशांचा उतार टोकागणिक किंचित बदलत नेला. प्रतल वाकलं, कौलांनी ते सामावून घेतलं.

काय करायचं हे मॉडेल कशासाठी आहे त्यावर ठरतं. परवानगीच्या नकाशासाठी 3-4 सेंमी सोडून द्या आणि नकाशात तशी टीप लिहा. नव्या ट्रसची (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याची) मापं याच मॉडेलमधून कारखान्यात जाणार असतील तर अजिबात सोडू नका. तेव्हा त्या पाख्यासाठी उतार नसलेलं सपाट छप्पर काढायचं आणि 'मॉडिफाय सब एलिमेंट्स'ने प्रत्येक कोपऱ्याला त्याची मोजलेली उंची द्यायची. हे साधन फक्त उतार नसलेल्या छपरावर चालतं, आणि त्यातले आकडे छपराच्या वरच्या पृष्ठापासून धरले जातात. आपण मोजला तो तळ, म्हणून जाडीचा हिशेब इथे करावाच लागतो.

स्केचअप या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. त्यात तयार छप्पर नसतं; मोजलेल्या बिंदूंवर गाइड टाकून रेषा जोडायच्या असतात. चार बिंदू जोडल्यावर पृष्ठ भरलं नाही, तर ते चार बिंदू एका प्रतलात नाहीत. म्हणजे पाखं पिळलेलं आहे, किंवा माप चुकलं आहे, आणि दोन्ही गोष्टी कळायलाच हव्यात. मग कर्ण मारून दोन त्रिकोण करा. कर्ण कुठल्या दिशेने मारता त्यावर पाखं मधे फुगीर होतं की खोलगट, ते ठरतं. घराच्या आतून सुतळी ताणून आधी ते पाहून घ्या. सुरू करण्यापूर्वी 'लेंथ स्नॅपिंग' बंद करा, नाहीतर 2.486 गुपचूप 2.490 होतं आणि मग चांगली मापंसुद्धा जुळत नाहीत.

आढ्याचा झोलही असाच हाताळायचा. दोन्ही टोकांना आढ्याखाली सुतळी ताणा आणि दर मीटरला अंतर मोजा. झोल आला की तो साधारणपणे एखाद्या खांबाशी संबंधित असतो. तिथला खांब खचलेला किंवा काढून टाकलेला सापडतो. झोल मॉडेलमध्ये नाही घेतला तरी आकडे नकाशावर आलेच पाहिजेत. दुरुस्ती करणाऱ्या सुताराला सगळ्यांत उपयोगी माहिती तीच आहे.

पडवी आणि जोड

पडवी मुख्य छपराचा भाग समजून एकाच फूटप्रिंटमध्ये घेऊ नका. तिचा उतार मुख्य पाख्याहून कमी असतो आणि मोडाची रेषा, म्हणजे उतार बदलतो ती जागा, भिंतीच्या तोंडावरच असेल असंही नाही. मोडावरची उंची आणि बाहेरच्या खांबांवरची उंची मोजून वेगळं छप्पर काढा, मग 'जॉइन रूफ'ने जोडा. पडवीचं छप्पर मुख्य वळचणीच्या खाली घुसलेलं असेल तर जोडूच नका; दोन्हींत किती उभी फट आहे ते मोजून दाखवा. पन्हळ, म्हणजे दोन पाख्यांमधली पाण्याची पत्र्याची वाट, असेल तर पत्र्याची रुंदी आणि दोन्ही बाजूंनी कापलेल्या कौलांच्या कडा किती आत आल्या आहेत, तेही लिहून घ्या. गळती बहुतेक वेळा याच जागी असते.

वाशांसाठी एकच सूचना: मापं एका टोकापासून सलग घ्या. एका वाशापासून पुढच्या वाशापर्यंत असं तुटक मोजत गेलात तर वीस वाशांनंतर चूक तळहाताएवढी होते. सॉफ्टवेअरमध्ये 'अ‍ॅरे' मारून सारख्या अंतरावर वासे बसवणं सोयीचं आहे, पण जुन्या घरात अंतर सारखं नसतं.

कौलं मोजून पडताळा

मॉडेल झाल्यावर त्याची परीक्षा घेणारं माप छपरावरच आहे. मंगलोरी कौल साच्यातून निघतं आणि रिपेत अडकून बसतं, म्हणून ओळींमधलं अंतर जवळपास ठरलेलं असतं, साधारण 32 सेंमी. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात जेप्पू इथे पहिला कारखाना काढला, तिथून हा साचा पश्चिम किनाऱ्यावर पसरला. पण कारखान्यागणिक माप थोडं बदलतं, म्हणून दहा ओळींचं अंतर एकत्र मोजून सरासरी काढा.

आपल्या घराच्या पुढच्या पाख्याची तिरकी लांबी 4.03 भागिले 0.850, म्हणजे 4.74 मी. येते. 32 सेंमीने भागलं की पंधराला किंचित कमी. फोटोत मोजून 15 ओळी आल्या तर ठीक. 13 किंवा 17 आल्या तर उतार किंवा वळचण चुकली आहे. वळचणीचं पहिलं कौल रिपेच्या पुढे लोंबतं आणि आढ्याखालचं शेवटचं झाकलेलं असतं, त्यामुळे अर्ध्या ओळीपर्यंतचा फरक चालतो.

क्षेत्रफळही बघा. तिन्ही पाखी मिळून हिशेबाने साधारण 117.6 चौ.मी. होतात: पुढचं 51.3, मागचं 50.3, टोकाचं 16. रेव्हिटच्या तक्त्यात 117 ते 118 दिसायला हवं. चौरस मीटरला 15 कौलं धरली तर सुमारे 1,760 कौलं, शिवाय कोनवाशांवरची कापाकापी. तक्त्यात 98-99 दिसत असेल तर तो छपराचा जमिनीवरचा आकार आहे, उताराचं क्षेत्रफळ नाही. कौलांची मागणी त्या आकड्यावर दिली तर पाऊस तोंडावर आलेला असताना पावणेतीनशेच्या वर कौलं कमी पडतात, आणि जुन्या साच्याशी जुळणारी कौलं त्या आठवड्यात मिळतीलच असं नाही.